मोरोपंतांचे हरवलेले टाळ

मोरोपंतांच्या घरात दोन वस्तूंना हात लावायची कुणाची छाती नव्हती. एक देव्हाऱ्यातला शाळिग्राम, दुसरा बैठकीतला रेडिओग्राम. त्यात शाळिग्राम बिचारा गरीब. सकाळी अंघोळ घातली की दिवसभर गप्प. रेडिओग्राम मात्र सागवानी, लांबरुंद, चार पायांवर उभा. डाव्या पोटात रेडिओ, उजव्या पोटात तबकडी, आणि मागच्या बाजूला काचेचे व्हॉल्व्ह. ते तापेपर्यंत घरात चहा होऊन जायचा. अनसूयाबाई त्याला ‘थोरली’ म्हणत. त्यांच्या लग्नाच्या आधीच ती या घरात आलेली होती, आणि मोरोपंतांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. चढवला तो तिचाच.

मोरोपंत म्हणजे अमरावतीतलं जुनं भिक्षुकी घराणं. अर्ध्या रुक्मिणीनगरची लग्नं त्यांनी लावलेली. त्यातली बरीचशी अजून टिकून आहेत, असं ते स्वतःच सांगत, आणि वर ‘माझा उच्चार स्वच्छ होता म्हणून’ असंही.

जुईली त्यांची सून. माहेर चांदूर रेल्वेचं, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, आणि स्वभाव असा की बंद पडलेली वस्तू दिसली की तिच्या बोटांना खाज सुटायची. लेक ठमी होईपर्यंत ती एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होती. ठमी झाली, नोकरी सुटली, पण खाज सुटली नाही. लोक माळ्यावरचे टेपरेकॉर्डर, बुरसटलेले ॲम्प्लिफायर, मुक्या झालेल्या स्पीकरच्या पेट्या तिच्याकडे आणून टाकायचे, आणि ती ठमीच्या झोपांच्या फटीत त्यांना बोलतं करायची.

ठमीचं कागदावरचं नाव प्रियदर्शनी. आबांनी, म्हणजे मोरोपंतांनी, पंचांगातून अक्षर काढून, तीन ग्रंथ चाळून ठेवलेलं. त्या नावानं तिला फक्त लसीकरणाच्या सिस्टर हाक मारायच्या, म्हणून ते नाव ऐकलं की ती आधीच भोकाड पसरायची.

ही ठमी रांगायला लागली तेव्हा स्वानंदनं, म्हणजे जुईलीच्या नवऱ्यानं, तिच्यासाठी जाळीचं एक कुंपण आणलं. स्वानंद वकील. घरातला प्रत्येक प्रश्न कुंपण घालून सुटतो असं त्याला वाटायचं. ठमीला आत ठेवलं की ती असा टाहो फोडायची की शेजारचे लोक खिडकीत यायचे. शेवटी एक दिवस जुईलीच आत जाऊन बसली. तापलेली सोल्डरिंगची कांडी, मीटर, पक्कड, उघडं मशीन आणि आई, सगळं कुंपणाच्या आत. ठमी बाहेर मोकाट. ती जाळीला धरून उभी राहायची आणि पिंजऱ्यातल्या वाघिणीकडे पाहावं तसं आईकडे पाहत बिस्किट चोखायची.

“सोन्यासारखी सून आणली न् कोंडून ठेवली म्हणतील लोक,” अनसूयाबाई म्हणाल्या. पण त्यांनीच त्या कुंपणात बसायला एक जुनी गोधडी घडी करून टाकली.

सगळं असं ठीक चाललं होतं, आणि मग दिवाळी होते न होते तोच मोरोपंतांचे टाळ हरवले.

त्यांची एक भजनाची तबकडी होती. गाणारे बुवा वरूडकडचे कुणीतरी, कधीच देवाघरी गेलेले. पण त्यांच्या मागं टाळ असे खणखणायचे की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा. आता मोरोपंत तबकडी लावत, डोळे मिटत, आणि थोड्याच वेळात डोळे उघडून घरातल्या प्रत्येकाकडे पाळीपाळीनं पाहत.

“बुवा आहेत. पेटी आहे. मृदंग आहे. टाळ कुठं गेले?”

“मी नाही घेतले,” अनसूयाबाई म्हणत.

“मी गंभीरपणे विचारतो आहे.”

“मीही गंभीरपणेच सांगून राहिले. मोडीत घालायचंच असतं तर आधी तुमची थोरली घातली असती.” हे शेवटचं वाक्य त्या जरा हळू म्हणत. मोरोपंत त्यावर काहीच बोलत नसत. जुईलीला वाटायचं, केवढी ही सहनशक्ती!

टाळ शोधण्यासाठी मोरोपंतांनी ट्रेबलचं, म्हणजे बारीक सुरांचं, बटण पार शेवटाला नेऊन ठेवलं. मग आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. बुवा भिंती फोडून गाऊ लागले. भिंतीवरच्या पाली पलीकडच्या खोलीत राहायला गेल्या. ठमी दुपारच्या झोपेतून दचकून उठायला लागली, आणि उठलेली ठमी म्हणजे जुईलीच्या हातातून दुपार गेली. वरच्या मजल्यावरचे किसनराव, शेती मुलाच्या हवाली करून अंजनगावहून इथं शांतपणे राहायला आलेले, एकदा जिन्यात हात जोडून म्हणाले, “महाराज, भजन चांगलं आहे. पण देव माह्या घरात बसून ऐकून राह्यला असं वाटते.”

“ऐकू द्या,” मोरोपंत प्रसन्न होऊन म्हणाले.

शेवटी त्यांनी अकोल्याला चंद्रभानला फोन लावला. चंद्रभान जुन्या मशिनींना नवं करून देणारा म्हणून अख्ख्या वऱ्हाडात ठाऊक. त्याचा आवाज फोनमधून बैठकभर पसरला.

“महाराज, तुमी फिकीर करूच नका! ते काचेचे गोटे काढून फेकतो, न् मस्त बोर्ड बसवून देतो. ब्लूटूथ, रिमोट, समोरून निळी लायटिंग! टाळ काय घेऊन बसले, डास गुणगुणला तरी ऐकू येईन.”

“लाकूड तसंच राहील ना?”

“लाकडाले हात लावत नाही, बाप्पा. फक्त आतलं आतडं बदलतो.”

जुईली दारात ठमीला भात भरवत होती. तिचा घास हातातच राहिला. लग्न होऊन आली त्या आठवड्यात या परक्या घरात तिला एकच ओळखीचा वास भेटला होता: तापलेल्या व्हॉल्व्हवर जळणाऱ्या धुळीचा. लहानपणी चांदूरला शेजारच्या पार्बताबाईंच्या रेडिओला तोच वास यायचा. सासरी पहिल्यांदा ती मोकळं हसली होती ती या थोरलीच्या मागं वाकून, आतले ते नारिंगी दिवे पाहून. आता तो माणूस त्यांना गोटे म्हणत होता.

“आबा,” ती म्हणाली, “अकोल्याला न्यायच्या आधी मी एकदा उघडून पाहू?”

मोरोपंत विचारात पडले. सुनेनं दुसऱ्यांच्या मशिनी उघडणं वेगळं. पण त्यांनी पंचांग काढलं आणि देवच तिच्या मदतीला आला. स्वानंदला मोकळा वार एकच, रविवार. आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूल. अकोला नेमकं पश्चिमेला.

“रविवारी न्यायची नाही,” मोरोपंतांनी जाहीर केलं.

“बाबा, रेडिओ आहे तो. नवरी नाही,” स्वानंद म्हणाला.

“नवरी असती तर चाललं असतं. नवऱ्या काय, परत आणता येतात. सोमवारी निघायचं.”

“सोमवारी माझं कोर्ट आहे.”

“मग तुझी बायको गाडी चालवेल. जुईली, तोवर बघ तुला काय बघायचं ते.”

जुईलीनं दुसऱ्याच दिवशी थोरलीचं आतडं कुंपणात आणलं. बाहेरून ठमीनं जाळीला नाक लावलं. आवाजाचं बटण उपसलं आणि जुईली पाहतच राहिली. बटणाच्या दांडीभोवती लाल चिखल घट्ट बसलेला. तो तिनं कापसानं पुसला तर कापूस लाल. वास घेतला. कुंकू! दरवर्षी खंडेनवमीला मोरोपंत थोरलीची साग्रसंगीत पूजा करत. बाकीच्या घरात शस्त्रं, विळ्या, गाड्या पुजतात. इथं हिला बटणावर गंध, हळद, कुंकू, अक्षता आणि फुलानं पाणी शिंपडणं. ते सगळं बटणाच्या फटीतून आत उतरलेलं. अक्षतांचे दाणे निघाले. झेंडूची वाळकी पाकळी निघाली. पेढ्याचा दगड झालेला तुकडा निघाला आणि त्याच्याभोवती मुंग्यांचं एक गाव, जे बहुधा पिढ्यान्पिढ्या भजन ऐकत आलेलं असणार.

तिनं सगळं ताम्हनात भरून सासऱ्यांपुढं ठेवलं. “आबा, बटण फिरवताना खरखर होत होती ना, ती ही.”

मोरोपंतांनी ताम्हनाकडे नीट पाहिलं. “म्हणजे पोचलं तर,” ते म्हणाले. “यजमान नेहमी विचारतात, महाराज, नैवेद्य देवाला पोचतो का? आता सांगता येईल.”

मग जुईलीनं वाळलेले कंडेन्सर बदलले, सैल झालेले सांधे पुन्हा जोडले, तबकडीला नवी सुई लावली. सोल्डरच्या राळेचा धूर घरभर झाला. “देवघरातला धूप बरा म्हणायची पाळी आणलीस,” असं अनसूयाबाई म्हणाल्या आणि खिडक्या उघडून, पदरानं वारा घालत तिथंच बसून राहिल्या.

शनिवारी दुपारी थोरली जोडून झाली. सगळे जमले. जुईलीनं सुई टेकवली.

बुवा आले, आणि बुवांच्या मागं, काय सांगावं, असे लख्ख टाळ आले की जुईलीच्या अंगावर काटा आला. नव्या सुईनं जणू पितळ घासून काढलं होतं. ठमी कुंपणाला धरून उभी होती. तिनं हात सोडले, पडते की काय असं झालं, आणि टाळ्या वाजवायला लागली. टाळावर टाळी. बरोब्बर. टाळ थांबले की थांबायची, वाजले की वाजवायची. अनसूयाबाईंनी तिची दृष्ट काढली.

मोरोपंतांनी डोळे उघडले. “खरखर गेली. शाब्बास, पोरी. हाताला गुण आहे तुझ्या.”

जुईली फुलून आली.

“पण टाळ नाहीतच अजून,” ते म्हणाले. “नाही ना? चंद्रभानकडेच न्यावी लागणार.”

टाळ तिथंच खणखणत होते. ठमी टाळ्या पिटत होती. मोरोपंत स्पीकरच्या जाळीदार कापडासमोर हातभर अंतरावर बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर टाळाची सावलीसुद्धा नव्हती. जुईलीच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. दारावरची चिमणीच्या आवाजाची बेल, जी वाजत असताना ते शांतपणे पेपर वाचतात. कुकरच्या शिट्ट्या, ज्यांचा हिशेब ते हल्ली अनसूयाबाईंना विचारतात. थोरलीला काहीच झालेलं नव्हतं. जुनं झालं होतं ते दुसरंच.

तिनं स्वयंपाकघरात स्वानंदला गाठलं.

“मला माहिती आहे,” स्वानंद म्हणाला आणि पोळीचा तुकडा तोंडात टाकला.

“मग सांगितलं का नाही?”

“कोण सांगणार? ‘उच्चार स्वच्छ, कान तिखट’ हे त्यांचं वाक्य आहे. यजमानाचा ‘मम’ चुकला तरी पकडायचे ते. माझं ऐक, साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलू नये.”

“उद्यापरवा तो माणूस सगळं उपटून फेकेल, स्वानंद. आणि एवढं करून टाळ येणारच नाहीत! मग काय उपटायचं?”

स्वानंदनं दुसरी पोळी घेतली.

मग ती सासूकडे गेली. अनसूयाबाई गच्चीवर वड्या उचलत होत्या. जुईलीनं चाचरत सांगितलं. अनसूयाबाईंनी आधी जिन्याकडे पाहिलं, मग तिला जवळ ओढलं.

“खबरदार सांगशील तर!”

“म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे?”

“मला? अगं, सगळ्यात आधी मला कळलं. एकदा मी चिडून पुटपुटले काहीतरी. पूर्वी असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी म्हणाले, ‘हो, हो, चहा टाक.’ मी दुसऱ्या दिवशी जरा जास्त बोलून पाहिलं. तरी चहाच!” त्यांचे डोळे लुकलुकले. “अख्खा जन्म तोंड दाबून काढला बाई मी. भिक्षुकाच्या घरात अमुक बोलू नये, तमुक बोलू नये. आता त्यांच्यासमोर बसून, शेंगा सोलत, मनातलं सगळं बोलते. इतकं हलकं वाटते न, की विचारू नको. आणि तू काय करून राहिलीस? माझं माहेर बुडवून राहिलीस!”

जुईलीला हसावं की रडावं कळेना. “पण आई, ते टाळ शोधून राहिलेत.”

अनसूयाबाईंचा हात वड्यांवर थांबला.

“शोधून राहिलेत खरं,” त्या म्हणाल्या. मग डबा उचलून खाली गेल्या.

सोमवारी थोरलीचे पाय काढून तिला गाडीच्या मागच्या अंगात आडवी घातली. मोरोपंतांनी गाडीपुढं नारळ फोडला. मागच्या सीटवर उरलेल्या जागेत अनसूयाबाई ठमीला घेऊन बसल्या. बडनेऱ्याचा पूल उतरेपर्यंत मोरोपंत थोरलीची गोष्ट सांगत होते, ती सगळ्यांना पाठ होती, म्हणून कुणीच अडवलं नाही. जुईली मात्र गाडी चालवता चालवता मनाशी हिशेब करत होती. बोलावं तर आबांचा मान जातो. न बोलावं तर थोरली जाते. आणि चंद्रभाननं निळे दिवे लावून परत दिली, की हा माणूस पुन्हा डोळे मिटणार, पुन्हा उघडणार, आणि मग कुणाकडे पाहणार?

चंद्रभानचं दुकान अकोल्याच्या जुन्या बाजारात. स्वतः चंद्रभान भला थोरला, गळ्यात गमछा, बोटात खड्यांच्या अंगठ्या. दुकानात आत शिरलं की डावीकडे रिकाम्या पोटाचे रेडिओ, उजवीकडे निळ्या दिव्यांचे रेडिओ. एका खोक्यात काढलेले व्हॉल्व्ह, कांद्यासारखे एकावर एक. जुईलीनं तिकडून नजर काढली.

“या महाराज! या वयनी! अबे, स्टूल दे रे महाराजांले!” त्यानं थोरली टेबलावर घेतली, मागचं झाकण उघडलं आणि शीळ घातली. “अबब! हे तर एकदम साफ आहे. काहून हो, कोणी हात लावला?”

“माझ्या सुनेनं,” मोरोपंत म्हणाले. आवाजात अभिमान होता. “खरखर घालवली तिनं. फक्त टाळांपाशी तिचं चाललं नाही.”

“नाहीच चालत. जुन्या मालात दम नसते महाराज. काढू?”

“काढ.”

चंद्रभाननं पक्कड उचलली. जुईलीच्या तोंडून निघालं, “थांबा!”

मागून अनसूयाबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. तिनं दंड सोडवून घेतला.

“काढायच्या आधी एकदा तपासून घ्या, दादा,” ती म्हणाली. “आत्ता काय वाजतं, काय नाही. उद्या तुमच्यावर यायला नको.”

“येऊ दे न, मी काय भेतो?” पण तो दुकानदार माणूस. त्यानं पक्कड ठेवली. जुईलीनं आपला फोन वायरनं थोरलीच्या मागं जोडला. फोनमध्ये एक साधं ॲप होतं. त्यातून नुसता सूर निघायचा, आणि बोट सरकवलं की तो खालून वर चढत जायचा. व्हॉल्व्ह तापायला लागले. चहावाला पेले घेऊन दारात येऊन थांबला.

पहिला सूर निघाला, रेल्वेच्या भोंग्यासारखा जाड. मोरोपंतांनी मान डोलावली. “येतो आहे.”

सूर चढला. “येतो आहे.” आणखी चढला. “हं. हं.”

आणखी चढला, आणि मोरोपंतांची मान डोलायची थांबली. ते वाट पाहत राहिले. जुईलीचं बोट सरकत होतं. चंद्रभाननं आधी तोंड वाकडं केलं, मग दोन्ही कानांत बोटं घातली. चहावाल्याच्या हातातले पेले कलंडले. ठमीनं ओठ काढला. बाहेर एक कुत्रं उठून समोरच्या बाजूला गेलं.

“थांबवलंस का गं?” मोरोपंतांनी विचारलं.

जुईलीनं बोट तिथंच दाबून धरलं.

मोरोपंतांनी स्पीकरकडे पाहिलं. मग चंद्रभानच्या कानातल्या बोटांकडे. मग चहावाल्याकडे, ठमीकडे, आणि शेवटी बायकोकडे. अनसूयाबाई पदर कानावर दाबून खाली पाहत होत्या. लग्नाच्या मांडवात कुणाचं काय चुकलं हे एका नजरेत ओळखणारा माणूस तो. त्याला सांगावं लागलं नाही.

“चंद्रभान,” ते म्हणाले, “तुला काय ऐकू येऊन राहिलं?”

“कानात सुया टोचून राह्यल्या, महाराज! तुमाले...” आणि चंद्रभान, ज्याचं तोंड अकोल्यात कुणी बंद करू शकलं नव्हतं, तो मध्येच थांबला.

मोरोपंत स्टुलावरून उठले. बंद खोलीच्या दाराला कान लावावा तसा त्यांनी स्पीकरच्या कापडाला कान लावला. तसेच वाकून उभे राहिले. जुईलीनं फोन बंद केला. ते तरीही तसेच वाकलेले होते, आणि सूर थांबलाय हे त्यांना कसं सांगावं हे दुकानात कुणालाच कळत नव्हतं. शेवटी तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“झाकण लाव, चंद्रभान,” मोरोपंत सरळ होत म्हणाले.

“महाराज, तसं पाह्यलं तर माह्याही डाव्या कानाचं...”

“झाकण लाव. मशीन ठीक आहे.”

थोरली पुन्हा गाडीत आडवी झाली आणि परतीची वाट सुरू झाली. बोरगाव मंजू मागं पडलं तेव्हा मोरोपंतांनी समोर पाहतच विचारलं, “कुणाकुणाला माहीत होतं?”

जुईलीनं गिअर बदलला.

“स्वानंदला?”

जुईलीनं मान डोलावली.

“वरच्या किसनरावांना?”

“त्यांना कसं नाही कळणार, आबा?”

“अगं, आणि तुला?” हे मागं वळून.

अनसूयाबाई काहीतरी पुटपुटल्या.

“मोठ्यानं बोल.”

“म्हटलं, मलाच तर सगळ्यात आधी!”

“मग बोलली नाहीस?”

“रोज बोलले! तुमच्यासमोर बसून बोलले. तुम्ही हो हो म्हणाले.”

मोरोपंत पुन्हा समोर वळले. मग म्हणाले, “कशाकशाला हो म्हणालो मी?”

“जाऊ द्या.”

“नाही. आता सांगच. पहिल्यापासून. मोठ्यानं.”

अनसूयाबाईंनी जुईलीकडे आरशातून पाहिलं. मग ठमीला मांडीवर नीट घेतलं, आणि सुरुवात केली. लग्नात नणंदेनं दिलेल्या लुगड्यापासून, जे आधी कुणीतरी नेसलेलं होतं. मोरोपंत म्हणाले, नव्हतं. त्या म्हणाल्या, काठावर डाग होता. ते म्हणाले, तो हळदीचा. त्या म्हणाल्या, तेच तर म्हणते, कुणाच्या हळदीचा? मग चातुर्मासातले उपास आले, देवघरातली ओली सोवळी आली, थोरलीच्या पायाखाली घातलेला त्यांचा रुखवतातला रुमाल आला. खिडक्यांच्या काचा बंद असूनही शेजारून जाणाऱ्या ट्रॅक्टरवरचा माणूस वळून पाहायला लागला.

“आणि माझ्या बाबांच्या तेराव्याला माझ्या भावाकडून दक्षिणा घेतलीत तुम्ही!”

“घेतली नसती तर विधी अपुरा राहिला असता.”

“माहीत आहे मला!” अनसूयाबाई ओरडल्या. “तरी घेतलीत.”

यावर मोरोपंतांकडे शास्त्र होतं. ते त्यांनी काढलं नाही. ते नुसते म्हणाले, “हो. घेतली.”

मूर्तिजापूरला जुईलीनं गाडी एका हॉटेलाच्या सावलीत लावली. घसा बसलेल्या अनसूयाबाईंना चहाची गरज होती. चहा आला. मोरोपंतांनी सवयीनं बशीत ओतला, बशी ओठांशी नेली आणि फुंकर मारली. बाकावर उभी असलेली ठमी ते पाहून खदखदली आणि त्यांच्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. अनसूयाबाई चहासकट हसल्या. जुईलीनं ओठ चावला.

मोरोपंतांनी बशी खाली ठेवली. “काय म्हणाली?”

“काही नाही, आबा.”

“जुईली.”

ती अडखळली. “तुम्हाला हाक मारते ती. फुस्स म्हणते तुम्हाला.”

“फुस्स?”

“तुम्ही चहा फुंकता ना. तेच तुमचं नाव ठेवलंय तिनं. पहिलं बोलली ती तेच. आईसुद्धा म्हणत नाही अजून मला.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“आणि मी तिला रोज ‘आबा म्हण, आबा म्हण’ करून शिकवतो आहे,” मोरोपंत म्हणाले. चार वेद मुखोद्गत असल्याचा समज असलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर अपमान आणि आणखी काहीतरी, दोन्ही एकदम दाटून आलं. “फुस्स! भिक्षुकाच्या नातीनं!” त्यांनी हात पसरले. ठमी बाकावरून थेट त्यांच्या अंगावर गेली. त्यांनी आपला कान तिच्या तोंडाशी नेला. “म्हण. बरोबर म्हण बरं. प्रियदर्शनी, म्हण.”

त्या नावाला ठमी रडेल म्हणून जुईली पुढं झाली. पण ठमीनं आजोबांचा कान दोन्ही मुठींत पकडला, तोंड पार आत घातलं, आणि सगळं बळ एकवटून ‘फुस्स’ म्हणाली.

मोरोपंत डोळे मिटून थांबले.

“आलं ऐकू?” अनसूयाबाईंनी विचारलं. आता त्या मुद्दाम मोठ्यानं बोलत होत्या.

“नाही,” मोरोपंत धोतराच्या सोग्यानं कान पुसत म्हणाले. “वारा आला. आणि थुंकी आली पुष्कळ.” मग त्यांनी दुसरा कान पुढं केला. “ह्यात म्हण.”